संतांच्या हातांना काम देणारा चित्रकार : मुरियो



आज एका चित्रापासून सुरुवात करू. एक राजकन्या उभी आहे. डोक्यावर शुभ्र वस्त्र, त्यावर छोटा मुकुट. समोर चांदीचे पसरट भांडे. त्या भांड्यावर एक गरीब मुलगा वाकला आहे आणि राजकन्या स्वतःच्या हाताने त्याचे डोके धुते आहे. डोक्यावर केस धड नाहीत, खवडे झालेले आहेत. बाजूला दुसरा एक मुलगा डोके खाजवतो आहे. तोंड वेडेवाकडे करून तो थेट आपल्याकडे बघतो. पुढे एक माणूस बसून पायाची पट्टी सोडतो आहे आणि खालची जखम दिसते आहे.

हे चित्र मी सातवीच्या वर्गात मोठ्या पडद्यावर दाखवले तेव्हा आधी सगळे "ई...!" करून ओरडले. मग एका मुलीने विचारले, "बाई, तिला घाण नाही वाटत का?"

मी उत्तर दिले नाही. खरे सांगायचे तर माझ्याकडे ते नव्हते. काही वर्षांपूर्वी माझ्याच वर्गातल्या एका मुलाच्या डोक्यात असेच खवडे झाले होते. त्याच्या शेजारी कुणी बसेना. मी काय केले? त्याला शेवटच्या बाकावर एकटे बसवले. "इतरांना लागण नको," असे कारणही दिले. कारण खोटे नव्हते. पण त्याच्याशी बोलताना मीही दोन पावले लांब उभी राहत होते, हे आता आठवते.

म्हणून आजचा लेख या चित्राच्या चित्रकारावर. त्याचे जीवन, त्याची धार्मिक चित्रे आणि ती मुलांसमोर कशी ठेवायची, असे तिन्ही बघू.

नाव आणि गाव

पूर्ण नाव बार्तोलोमे एस्तेबान मुरियो. इंग्रजी पुस्तकांत या नावात दोन 'एल' असतात, म्हणून आपण 'मुरिल्लो' वाचतो. स्पॅनिश माणूस मात्र 'मुरियो' म्हणतो. मुरियो हे त्याच्या आईच्या बाजूचे आडनाव. पुढे त्याने तेच वापरले.

गाव स्पेनच्या दक्षिणेकडचे सेव्हिल. त्या काळात अमेरिकेशी चालणारा स्पेनचा सगळा व्यापार या शहरातून जायचा. तिकडची चांदी जहाजांतून इथे उतरायची. त्यामुळे शहरात श्रीमंत व्यापारी होते, मोठमोठी चर्च आणि मठ होते, आणि या सगळ्यांना भिंतींवर चित्रे हवी होती. पण त्याच शहराच्या रस्त्यांवर भिकारी, अनाथ मुले, आजारी म्हातारेही होते. मुरियो जवळजवळ आयुष्यभर याच शहरात राहिला. त्याची चित्रे समजून घ्यायची तर शहराच्या या दोन्ही बाजू लक्षात ठेवाव्या लागतात.

बालपण : न्हाव्याचे घर

मुरियोचा जन्म डिसेंबर १६१७ च्या शेवटी झाला. १ जानेवारी १६१८ रोजी चर्चमध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला, म्हणजे नामकरणाचा ख्रिस्ती विधी. चौदा भावंडांत तो शेंडेफळ.

वडील गास्पार एस्तेबान हे न्हावी आणि शस्त्रवैद्य. आजच्या मुलांना ही जोडी विचित्र वाटेल, पण त्या वेळी युरोपात न्हावीच दाढी करायचा, दात काढायचा, गळू फोडायचा, जखम बांधायचा. आपल्याकडेही जुन्या काळी तुंबड्या लावायला न्हाव्यालाच बोलवत, हे आजी-आजोबांना विचारले तर ते सांगतील.

मुरियो दहा वर्षांच्या आसपास असताना वडील गेले आणि काही महिन्यांतच आईही गेली. मोठी बहीण आना आणि तिचा नवरा यांनी त्याला सांभाळले. हे मेहुणेही न्हावी-शस्त्रवैद्यच होते! म्हणजे या मुलाचे सगळे बालपण जखमा, पट्ट्या, भांडी आणि कण्हणारी माणसे यांच्यात गेले. पुढे त्याने संतांच्या चित्रात खवडे, पट्ट्या आणि कुबड्या इतक्या खऱ्या काढल्या, त्याचे मूळ या घरात असावे असे मला वाटते. हा माझा अंदाज आहे, पण पटण्यासारखा आहे, नाही का?

चित्रकला तो हुआन देल कास्तियो या सेव्हिलमधल्या चित्रकाराकडे शिकला. १६४५ मध्ये त्याचे बेआत्रिस काब्रेरा हिच्याशी लग्न झाले. त्याच सुमारास त्याला पहिले मोठे काम मिळाले.

मठातली चित्रे : देवदूत स्वयंपाकघरात

सेव्हिलमध्ये फ्रान्सिस्कन साधूंचा मोठा मठ होता. मठाच्या लहान चौकासाठी मुरियोने १६४५ ते १६४८ या काळात अकरा चित्रे काढली. विषय म्हणजे फ्रान्सिस्कन संतांच्या गोष्टी. तो तिशीच्या आतला होता आणि या कामाने त्याचे नाव झाले.

यातले एक चित्र मुलांना हमखास आवडते. त्याला 'देवदूतांचे स्वयंपाकघर' म्हणतात. चित्र १६४६ चे, साडेचार मीटर लांब. गोष्ट अशी की, मठाच्या स्वयंपाकघरात काम करणारा एक साधू प्रार्थनेत इतका रंगला की जमिनीवरून अधांतरी उचलला गेला. मग स्वयंपाक कोण करणार? देवदूत आले! एक पाण्याचे भांडे आणतो आहे, एक खलबत्त्यात काहीतरी कुटतो आहे, एक ताटे मांडतो आहे. खाली दोन छोटे देवदूत भाजी निवडत बसले आहेत आणि बाजूला भोपळा, वांगी दिसतात. डावीकडून पाहुणे दार उघडून आत येताहेत आणि थक्क झाले आहेत.

इथे एक गोष्ट मुलांच्या लक्षात आणून द्यावी. चमत्कार दाखवताना मुरियो आकाश फाडत नाही, विजा पाडत नाही. तो चकचकीत तांब्याची भांडी दाखवतो. त्याच्या चित्रात स्वर्ग येतो तो चुलीपाशी.

याच मालिकेतले दुसरे चित्र म्हणजे संत दिएगो गरिबांना जेवण देतात ते. मधोमध मोठे पातेले, भोवती लहान मुले, मागे म्हातारे आणि हात पसरलेली माणसे. संत गुडघे टेकून प्रार्थना करताहेत, पण पातेल्यासमोरच.

१६४९ ची साथ आणि रस्त्यावरची मुले

१६४९ मध्ये सेव्हिलमध्ये प्लेगची भयंकर साथ आली. सुमारे साठ हजार माणसे मेली असे मानतात, म्हणजे शहराची जवळजवळ अर्धी वस्ती. पुढे तीन वर्षांनी, १६५२ मध्ये, भाकरी महागली म्हणून दंगे झाले. मुरियोच्या घरीही दुःख कमी नव्हते. त्याची अनेक मुले लहानपणीच गेली आणि १६६३ च्या अखेरीस बायकोही गेली. त्याने पुन्हा लग्न केले नाही.

या काळाच्या सुमारास त्याने काढलेले एक चित्र आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. फाटक्या कपड्यांतला एक मुलगा भिंतीला टेकून बसला आहे आणि अंगावरच्या उवा शोधतो आहे. तळपाय मळलेले. शेजारी मातीचे भांडे, टोपलीतून सांडलेली फळे, जमिनीवर कोळंबीची टरफले. खिडकीतून ऊन थेट त्याच्या अंगावर पडले आहे. या चित्रात देव, संत कुणीही नाही. तरीही मी ते धार्मिक चित्रांच्या लेखात सांगते आहे, कारण पुढे हाच मुलगा वेगवेगळ्या रूपांत संतांच्या चित्रांत परत येतो. राजकन्येसमोर वाकलेला मुलगा आठवा.

कॅथेड्रलमधले चित्र आणि चित्रशाळा

१६५६ मध्ये मुरियोने सेव्हिलच्या कॅथेड्रलसाठी संत अँथनीचे भव्य चित्र काढले. उंची साडेपाच मीटरच्या आसपास. खोलीत गुडघे टेकून बसलेल्या संताला उजेडाच्या लोटात बाळ येशू दिसतो आणि तो हात पसरून त्याला बोलावतो. या चित्राची पुढची गोष्ट एखाद्या रहस्यकथेसारखी आहे. १८७४ मध्ये चोरांनी या चित्रातला फक्त संत कापून नेला! पुढच्या वर्षी तो तुकडा न्यूयॉर्कमध्ये सापडला, परत आणला आणि चित्रात पुन्हा जोडला.

आपल्याला शिक्षक म्हणून महत्त्वाची वाटावी अशी एक घटना १६६० ची. त्या वर्षी मुरियोने इतर चित्रकारांना सोबत घेऊन सेव्हिलमध्ये चित्रकारांची शाळा सुरू केली. फ्रान्सिस्को दे एरेरा आणि तो असे दोघे तिचे पहिले प्रमुख. समोर माणूस बसवून त्याचे रेखाटन करायचा सराव तिथे चाले. म्हणजे तोपर्यंत शहरातला नावाजलेला झालेला हा माणूस नवशिक्यांच्या शेजारी बसून रेखाटने करत होता.

ज्या चित्राला तो 'माझे चित्र' म्हणायचा

१६६५ ते १६६९ या काळात मुरियोने सेव्हिलच्या कापुचिन मठासाठी बरीच चित्रे काढली. त्यांतले संत थॉमस भिक्षा देतात हे चित्र त्याला स्वतःला सर्वांत आवडायचे, त्याला तो 'माझे चित्र' म्हणायचा असे सांगतात. हे थॉमस व्हॅलेन्सियाचे आर्चबिशप होते आणि मोठे विद्वान होते. चित्रात त्यांच्या मागे टेबलावर पुस्तक उघडेच पडले आहे. वाचता वाचता ते उठून आले आहेत. समोर उघड्या पाठीचा एक अपंग भिकारी गुडघ्यावर आहे आणि संत त्याच्या हातावर नाणे ठेवताहेत.

आता डाव्या कोपऱ्यात बघा. एका लहान मुलाला नाणे मिळाले आहे आणि तो ते आईला दाखवतो आहे. एवढीशी जागा, पण मुलांची नजर सगळ्यात आधी तिथे जाते. त्या चेहऱ्यावरचा आनंद त्यांना ओळखीचा असतो.

ला कारिदाद : भिंतींवर मांडलेला पाठ

आता मुरियोच्या सर्वांत मोठ्या कामाकडे येऊ. कारिदाद म्हणजे दयाधर्म. या नावाचे एक मंडळ सेव्हिलमध्ये होते. फाशी दिलेल्यांची, बुडून मेलेल्यांची बेवारस प्रेते पुरणे हे त्याचे मूळचे काम. मिगेल मान्यारा हा श्रीमंत घरातला माणूस १६६१ मध्ये पत्नी वारल्यावर या मंडळात आला आणि थोड्याच दिवसांत त्याचा प्रमुख झाला. त्याने कामाचा व्याप वाढवला, गरीब रुग्णांसाठी रुग्णालय उभारले, शेजारचे चर्च पूर्ण केले. मुरियो १६६५ मध्ये या मंडळाचा सभासद झाला. म्हणजे तो नुसता पैसे घेऊन चित्रे काढणारा बाहेरचा माणूस नव्हता.

ख्रिस्ती परंपरेत दयेची सात कामे सांगितली आहेत. मुरियोने त्यांतल्या सहा कामांसाठी बायबलमधल्या सहा गोष्टी काढल्या :

१. तहानलेल्याला पाणी – मोशे खडकावर काठी मारतो आणि पाणी वाहते.
२. भुकेल्याला अन्न – येशू पाच भाकरी आणि दोन मासे यांत हजारोंना जेवू घालतो.
३. उघड्याला वस्त्र – घर सोडून गेलेला मुलगा चिंध्यांत परत येतो आणि बाप त्याला मिठी मारतो. नोकर नवे कपडे घेऊन उभे आहेत. पांढरा छोटा कुत्राही आनंदाने उड्या मारतो आहे.
४. परक्याला आसरा – अब्राहाम दाराशी आलेल्या तिघांना घरात बोलावतो.
५. आजाऱ्याची विचारपूस – येशू तळ्याकाठी पडलेल्या पांगळ्याला बरे करतो.
६. कैद्याची सुटका – देवदूत तुरुंगात येऊन पीटरला सोडवतो.

सातवे काम म्हणजे मृताला मूठमाती. त्यासाठी मुख्य वेदीवर पेद्रो रोल्दान या शिल्पकाराने येशूच्या दफनाचे शिल्प केले. दाराजवळ हुआन दे वाल्देस लेआल या चित्रकाराची मृत्यूची दोन चित्रे आहेत. एकात सांगाडा मेणबत्ती विझवतो आहे, दुसऱ्यात पेटीत बिशपचे कुजलेले शव आहे. बघवत नाहीत अशी.

मुरियोने आणखी दोन चित्रे दिली. एकात संत हुआन दे दिओस रात्रीच्या अंधारात एका आजारी माणसाला पाठीवर घेऊन निघाले आहेत, ओझ्याने पाय लटपटतात आणि देवदूत आधार देतो. दुसरे आपले राजकन्येचे. ही हंगेरीची संत एलिझाबेथ, तेराव्या शतकातली.

शिक्षकांनो, आता ही सगळी मांडणी एकत्र बघा. हे तर आपले पाठ-टाचणच आहे! दारात प्रस्तावना : तूही मरणार आहेस, तुझी श्रीमंती राहणार नाही. मग विषयविवेचन : मग करायचे काय, तर ही कामे. पुढे उदाहरणे : बायबलच्या काळात हे झाले, पण तुमच्यासारख्या माणसांनीही ते केले आहे, बघा एक राजकन्या आणि एक साधा साधू. आणि गृहपाठ? तो भिंतीपलीकडे, रुग्णालयात. हे चर्च ज्यांच्यासाठी होते ते सभासद शहरातले प्रतिष्ठित लोक. त्यांनी रुग्णांना आणायचे, जेवू घालायचे, त्यांची सेवा करायची अशी अपेक्षा होती. चित्र बघून डोळे पुसले आणि घरी गेले, असे चालणार नव्हते. ती संस्था आजही गरीब वृद्धांना सांभाळते.

म्हणून मी म्हणते की मुरियोने संतांच्या हातांना काम दिले. त्याआधीच्या आणि नंतरच्याही कितीतरी चित्रांत संतांचे हात जोडलेले असतात किंवा आशीर्वादासाठी वर गेलेले असतात. इथे ते ओले आहेत.

मेरीची चित्रे

मुरियो जगभर ओळखला जातो तो येशूची आई मेरी हिच्या चित्रांमुळे. मेरी आईच्या गर्भात आल्यापासूनच निष्पाप होती, ही श्रद्धा सेव्हिलमध्ये फार प्रबळ होती. रोमच्या चर्चने तिला अधिकृत सिद्धान्ताचे रूप दिले ते पुढे १८५४ मध्ये. या विषयावर मुरियोने सुमारे दोन डझन चित्रे काढली. हे चित्र कसे काढावे याचे नियमच सेव्हिलच्या फ्रान्सिस्को पाचेको या चित्रकाराने लिहून ठेवले होते : बारा-तेरा वर्षांची मुलगी, पांढरा झगा, निळे वस्त्र, डोक्याभोवती बारा तारे, पायाशी चंद्रकोर. मुरियोने पांढरा, निळा आणि चंद्र ठेवले, पण बाकीची बरीच चिन्हे गाळली. त्याऐवजी सोनेरी धूसर उजेड आणला आणि ढगांत बाळदेवदूतांची झुंबड उडवून दिली. ते देवदूत नीट बघा. ते गुबगुबीत, लोळणारे, एकमेकांवर पडणारे आहेत. खऱ्या मुलांकडे बघितल्याशिवाय असे काढता येत नाही.

चित्रे गेली कुठे?

१८१० मध्ये नेपोलियनचे सैन्य सेव्हिलमध्ये शिरले. त्याचा सेनापती मार्शल सूल्त याला मुरियोची चित्रे फार आवडायची. दुर्दैवाने, फारच! कारिदादच्या सहा चित्रांपैकी चार त्याने नेली. ती पुढे विकली गेली आणि आज चार देशांत आहेत. पांगळ्याचे चित्र लंडनला, घरी परतलेल्या मुलाचे वॉशिंग्टनला, अब्राहामचे कॅनडात ओटावाला आणि पीटरचे रशियात सेंट पीटर्सबर्गला. फक्त मोशे आणि भाकरी ही दोन चर्चमध्ये राहिली. रिकाम्या जागी आता प्रती लावल्या आहेत.

मेरीचे एक प्रसिद्ध चित्रही सूल्तने नेले होते. ते १८५२ मध्ये लूव्रने ६,१५,३०० फ्रँकला घेतले. १९४१ मध्ये ते स्पेनला परत आले आणि आज माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे. राजकन्येचे चित्रही पॅरिसला गेले होते. नेपोलियनच्या पराभवानंतर ते स्पेनला आले, पण बराच काळ माद्रिदमध्येच राहिले. १९३९ मध्ये ते सेव्हिलला, आपल्या जागी परतले.

मुलांना इथे जरूर विचारा : एका पाठातली चार पाने फाडून चार देशांत ठेवली, तर पाठ समजेल का?

शेवट

सांगतात की, कादिझ शहरातल्या कापुचिन चर्चचे चित्र काढताना मुरियो परातीवरून, म्हणजे उंच बांधलेल्या लाकडी फळ्यांवरून पडला आणि त्यातून उठलाच नाही. हे नक्की की ३ एप्रिल १६८२ रोजी सेव्हिलमध्ये मृत्युपत्र सांगत असतानाच तो गेला. मृत्युपत्र अर्धेच राहिले. त्याला सांता क्रूझ चर्चमध्ये पुरले. ते चर्चही फ्रेंचांच्या काळात पाडले गेले, त्यामुळे त्याची कबर आज नाही. त्या जागी एक शांत चौक आहे.

पुढे त्याची कीर्ती इतकी वाढली की १७७९ मध्ये स्पेनच्या राजाला त्याची चित्रे देशाबाहेर नेण्यावर बंदी घालावी लागली. नंतर उलटे झाले. त्याच्या मेरीच्या आणि बाळ येशूच्या छापील प्रती घरोघरी, कॅलेंडरवर, खोक्यांवर झळकल्या आणि जाणकार म्हणू लागले, "मुरियो म्हणजे गोड-गोड." मला हे अर्धे खरे वाटते. गोडवा आहेच. पण ज्याने दहाव्या वर्षी आई-बाप गमावले, साथीत अर्धे शहर जाताना पाहिले, स्वतःची मुले पुरली, त्याचा गोडवा अजाणतेपणाचा नसतो. त्याला जखम माहीत होती. त्याने ती झाकली नाही, तिच्याशेजारी कोमट पाण्याचे भांडे ठेवले.

वर्गात किंवा घरी कसे घ्याल?

• चित्राचे नाव आणि गोष्ट आधी सांगू नका. दोन मिनिटे नुसते बघू द्या. मग विचारा : "काय काय दिसते?" अर्थ नंतर.
• हात मोजा. राजकन्येच्या चित्रात कोणाचा हात काय करतो आहे, याची यादी करायला सांगा. चित्र आपोआप उलगडते.
• "तुम्ही या चित्रात असता तर कुठे उभे असता?" असे विचारा. उत्तरे प्रामाणिक येतात, म्हणून त्यांवर लगेच भाष्य करू नका.
• काही पालक विचारतील की दुसऱ्या धर्माची चित्रे का दाखवता? सांगा की आपण पूजा शिकवत नाही, बघायला शिकवतो. भुकेल्याला अन्न आणि तहानलेल्याला पाणी हे कोणत्याही घरात समजते.
• गृहपाठ : शाळेत किंवा गल्लीत असे कोण आहे, ज्याच्या शेजारी कुणी बसत नाही? नाव लिहायचे नाही, वहीही दाखवायची नाही. फक्त विचार करून यायचे.

त्या दिवशी वर्गात त्या मुलीच्या प्रश्नाला उत्तर दिले ते दुसऱ्याच एका मुलाने. तो म्हणाला, "बाई, वाटत असेल की घाण. पण हात नाही काढला तिने."

मी पुन्हा चित्राकडे बघितले. राजकन्येच्या चेहऱ्यावर हसू नाही. ती गंभीर आहे. कदाचित तिलाही ते सोपे जात नसेल. शेवटच्या बाकावर बसवलेला माझा तो विद्यार्थी आता मोठा झाला असेल. खवडे औषधाने पंधरा-वीस दिवसांत बरे झाले होते. बाक मात्र वर्ष संपेपर्यंत मी बदलला नव्हता. डोके बरे झाल्यावरही त्याला परत पुढे बोलवायचे माझ्या लक्षातच आले नाही, आणि त्यानेही कधी विचारले नाही.

आता दर जून महिन्यात बाकांची मांडणी करताना मी हे चित्र एकदा उघडून बघते. तुम्हीही बघा, आणि मुलांना दाखवा. तुमच्या वर्गात, तुमच्या घरात मुले काय म्हणाली, ते जरूर कळवा.